पोट दुखतंय, मग डिप्रेशनची गोळी कशाला?

या महिन्यात सदराला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीवर होती, आयबीएसच्या (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल येऊनही पोट दुखत राहतं आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठता होते तो आजार) पोटदुखीसाठी कमी डोसमध्ये दिलेल्या अँटीडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनवरच्या गोळ्या. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात, आज फक्त हेच. पत्रं थोडी छोटी केलीयेत आणि नावं काढलीयेत.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 36. पाच वर्षं झाली पोट दुखतंय, खाली डाव्या बाजूला कळ येते, शौचाला जाऊन आलं की थोडं बरं वाटतं आणि तासाभरात परत सुरू. कधी जुलाब, कधी चार दिवस सगळं व्यवस्थित. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, कोलोनोस्कोपी पण झाली, सगळे रिपोर्ट नॉर्मल. पथ्य करून झालं, मुरड्याच्या गोळ्या खाऊन झाल्या. आता नवीन डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन 10 एमजी रात्री एक असं लिहून दिलंय. घरी येऊन गोळीचं नाव गूगलवर टाकलं तर पहिलीच ओळ, डिप्रेशनवरचं औषध. खूप रडू आलं मला. मिस्टर म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो का की हे सगळं टेन्शनमुळे आहे. स्ट्रिप ड्रॉवरमध्ये तशीच पडून आहे, एकही गोळी घेतलेली नाही. माझं पोट खरंच दुखतं हो डॉक्टर. त्यांना काय वाटलं, मी नाटक करतेय?

उत्तर : ताई, तुमचं पोट खरंच दुखतं. हे सगळ्यात आधी लिहितोय कारण पुढचं वाचताना हे डोक्यात पक्कं असू दे, आणि तुमचं पत्र वाचून मला वाटलं की पाच वर्षांत हे वाक्य तुम्हाला कुणी सरळ म्हटलेलंच नाही.

आता गोळीचं. औषध एकच असतं पण डोस बदलला की त्याचं काम बदलतं. ऍस्पिरिन बघा, डोकं दुखलं तर 300 ते 600 एमजी घेतात आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज 75 एमजी देतात, त्या 75 वाल्याला कुणी विचारत नाही की बाबा तुझं डोकं दुखतं का. अमिट्रिप्टिलिन अमेरिकेत 1961 मध्ये डिप्रेशनसाठी मंजूर झालं आणि तो शिक्का त्याच्यावर बसला तो बसलाच. डिप्रेशनसाठी हे औषध साधारण 75 ते 150 एमजीपर्यंत द्यावं लागतं. तुम्हाला दिलंय 10. एवढ्याशा डोसने डिप्रेशन जाईल अशी अपेक्षा लिहिणाऱ्या डॉक्टरांचीही नसते. हाच बारीक डोस वारंवार येणाऱ्या मायग्रेनसाठी देतात, नागीण होऊन गेल्यावर मागे जी आग राहते त्यासाठी देतात, डायबेटिसमध्ये पायाच्या नसांची जळजळ होते त्यासाठी देतात. म्हणजे हे नसांच्या दुखण्याचं औषध आहे आणि तुमच्या आजारात दुखणं नसांचंच आहे.

ते कसं, ते सांगतो. आतड्याच्या भिंतीत नसांचं स्वतःचं एक जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं, आणि शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन, म्हणजे नसांचे निरोप पोचवणारं एक रसायन, डोक्यात नाही तर आतड्यात असतं. तिथून मेंदूकडे दिवसभर निरोप जात असतात, आता गॅस सरकला, आता जेवण पुढे ढकललं, आणि मेंदू यातले बहुतेक निरोप वरच्यावर दाबून टाकतो म्हणून आपल्याला काही कळत नाही. आयबीएसमध्ये हे दाबणं कमी पडतं आणि खालून येणारा निरोपही मोठ्या आवाजात येतो. 1973 साली छापलेला एक जुना प्रयोग आहे, मला तो पेशंटला सांगायला फार आवडतो. मोठ्या आतड्याच्या टोकाशी एक छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. 60 मिलिलिटरपर्यंत फुगवल्यावर निरोगी लोकांपैकी 6 टक्के लोकांना दुखलं आणि आयबीएस असलेल्यांपैकी 55 टक्के लोकांना. फुगा तोच, माप तेच. कोलोनोस्कोपीत आतड्याचं अस्तर दिसतं, जखम दिसते, गाठ दिसते, पण नसा किती हळव्या झाल्यात ते कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून तुमचे रिपोर्ट नॉर्मल आणि दुखणं मात्र चालू, दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

अमिट्रिप्टिलिन त्या दाबणाऱ्या यंत्रणेला बळ देतं आणि आतड्याची चालही थोडी मंद करतं, ज्यांना जुलाबाचा त्रास जास्त आहे त्यांना त्याचा वेगळा फायदा होतो.

आणि हे नुसतं पुस्तकी नाहीये. इंग्लंडमध्ये अटलांटिस नावाची चाचणी झाली, 2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 463 पेशंट होते, सगळे फॅमिली डॉक्टरांकडचे, पथ्य आणि नेहमीच्या गोळ्यांनी फरक न पडलेले, म्हणजे अगदी तुमच्यासारखे. अर्ध्यांना 10 एमजीपासून सुरू करून गरजेप्रमाणे 30 पर्यंत अमिट्रिप्टिलिन, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. सहा महिन्यांनी औषधवाल्यांपैकी 61 टक्के लोक म्हणाले आराम आहे, दुसऱ्या गटात 45 टक्के. मी हे दोन्ही आकडे मुद्दाम देतोय, कारण जादू नाहीये ही, पण ज्याचं काहीच जमत नव्हतं त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. आणि तुमच्या मिस्टरांना दाखवण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. त्या चाचणीत लोकांची चिंता आणि डिप्रेशनसुद्धा मोजलं होतं, त्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. मन होतं तसंच राहिलं आणि पोट सुधारलं. गोळी जर मनावर काम करून पोट बरं करत असती तर असं झालं नसतं.

टेन्शनने आयबीएस वाढतो हे खरंय, ते मी नाकारत नाही. टेन्शनने दमाही वाढतो, म्हणून दम्याला कुणी खोटं म्हणत नाही.

एक माझंही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका बाईंना हीच गोळी लिहून दिली, बाहेर गर्दी होती, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात दिली. त्यांनी ती वाचली, चार घड्या घालून मुठीत धरली आणि काही न बोलता निघून गेल्या. परत आल्याच नाहीत. त्या मुठीचा अर्थ मला नंतर कळला. चूक पूर्णपणे माझी होती, ही गोळी नुसती लिहून देता येत नाही, ती का देतोय हे तोंडाने सांगावंच लागतं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर परत जाऊन विचारा, त्याच वेळी हृदयाचा काही त्रास, काचबिंदू, लघवी अडणं, किंवा दुसरी कुठली चालू औषधं असतील तर तेही सांगा आणि मग ड्रॉवर उघडा.

प्रश्न : वय 29, मुलगा. मला जुलाबवाला आयबीएस आहे. गोळी सुरू केली, रात्री अकराला घ्यायचो. सकाळी उठवेना, ऑफिसमध्ये मीटिंगला डोळे मिटायला लागले, तोंड सुकून कापसासारखं. पोटाला काडीचा फरक नाही. चार दिवसांत बंद केली. हे औषध मला सूट होत नाही असं समजायचं का?

उत्तर : नाही, एवढ्यात नाही. या औषधाची पंचाईत अशी आहे की साइड इफेक्ट पहिल्या दिवशी येतात आणि फायदा तीन-चार आठवड्यांनी, कधीकधी सहा ते आठ आठवड्यांनी, त्यामुळे चार दिवसांत बंद करणाऱ्याला फक्त तोटाच दिसतो. तुम्ही एकटे नाही, असं करणारे खूप असतात.

पहिली गोष्ट वेळ. अकराला घेऊन सातला उठायचं म्हणजे गुंगी सकाळपर्यंत पुरणारच. झोपायच्या दोन-तीन तास आधी घ्या, साडेआठ-नऊला. दुसरी गोष्ट डोस. काही जणांना 10 एमजीसुद्धा सुरुवातीला जड जाते, तेव्हा अर्धी म्हणजे 5 पासून सुरू करता येतं, ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या सूचनांमध्येही 5 ते 10 एमजीने सुरुवात करा आणि शक्यतो 30 च्या वर जाऊ नका असंच म्हटलंय. गोळी अर्धी करण्यासारखी आहे का ते औषध देणाऱ्याला विचारून घ्या, सगळ्या कंपन्यांच्या गोळ्या नीट तुटत नाहीत. गुंगी साधारण आठवडा-दोन आठवड्यांत कमी होते, तोंडाची कोरड थोडी राहू शकते, घोट घोट पाणी पीत राहा. सुरुवातीच्या दिवसांत सकाळी डोकं जड असेल तर गाडी चालवू नका आणि दारू नकोच, दोन्ही मिळून झापड फार वाढते.

आणि एक वही करा. मोठं काही लिहायचं नाही, रोज रात्री एक ओळ. माझ्या एका पेशंटची वही मी बघितली होती, अशी : "सोम. दुखणं 7. चार वेळा. मंगळ. दुखणं 7. तीन वेळा. बुध. 6." असं पानंच्या पानं. पाचव्या आठवड्यात तो मला म्हणाला डॉक्टर काहीच फरक नाही, मी म्हटलं पहिलं पान उघडा, तिथे सगळे सात आणि आठ होते, आणि त्या आठवड्यात चार, पाच, चार, तीन. हळूहळू कमी होणारं दुखणं माणसाच्या लक्षात राहत नाही, कालचं आणि आजचं सारखंच वाटतं. म्हणून वही. आठ आठवडे नीट घेऊन, डॉक्टरांनी डोस वाढवूनही वहीत आकडे हलले नाहीत तर मात्र खरंच सूट होत नाही असं समजा आणि औषध हळूहळू बंद करा. काही लोकांना सोसत नाही हेही खरंय, त्या इंग्लंडच्या चाचणीत 13 टक्के लोकांनी साइड इफेक्टमुळे औषध सोडलं होतं. मजा म्हणजे औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीही 9 टक्के लोकांनी त्याच कारणाने सोडलं, म्हणजे प्रत्येक त्रास गोळीचाच असतो असं नाही.

प्रश्न : माझं वय 45, मला उलटा त्रास आहे, चार-चार दिवस पोट साफ होत नाही आणि पोट फुगून दुखतं. मैत्रिणीला अमिट्रिप्टिलिनने खूप बरं वाटलं म्हणून मी डॉक्टरांना म्हणून तीच लिहून घेतली. दुखणं जरा कमी झालं पण आता पोट अजिबातच साफ होत नाही.

उत्तर : हे होणारच होतं. या गोळीने आतड्याची चाल मंदावते हे वर लिहिलंय, मैत्रिणीला जुलाब होत असणार म्हणून तिला तेच वरदान ठरलं आणि तुम्हाला दुष्काळात तेरावा महिना. पण दुखणं कमी झालंय ही मोलाची माहिती आहे, ती वाया घालवू नका. डॉक्टरांना हे दोन्ही सांगा. याच कुटुंबातल्या नॉरट्रिप्टिलिन नावाच्या गोळीने अमिट्रिप्टिलिनच्या मानाने बद्धकोष्ठतेचा त्रास जरा कमी होतो, ती देऊन बघता येते, सोबत इसबगोल किंवा पोट साफ होण्याचं औषध नियमित ठेवावं लागतं. काही डॉक्टर बद्धकोष्ठतावाल्यांना एसएसआरआय गटातल्या, म्हणजे डिप्रेशनवरच्याच पण दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या देतात, त्यांनी आतड्याची चाल मंदावत नाही, पण दुखण्यावर त्यांचा उपयोग तितका पक्का नाही. नाइस म्हणते की आधीची गोळी चालली नाही तरच त्यांचा विचार करा, आणि अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये आयबीएससाठी एसएसआरआय नकोत असंच सुचवलं. मलाही तेच पटतं, मन खरंच खचलेलं असेल तर त्यासाठी एसएसआरआय जरूर घ्या, नुसत्या पोटदुखीसाठी त्याची आशा धरून बसू नका.

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासऱ्यांचं वय 68. त्यांना दोन-तीन महिन्यांपासून पोटात दुखतं, वजनही उतरलंय असं वाटतं. माझ्या आयबीएससाठी मी ही 10 एमजीची गोळी घेते, ते म्हणतात मला पण दे, लहान डोसच तर आहे. त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे आणि हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. देऊ का?

उत्तर : नको. एकही नको. आणि हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नका म्हणून यांना आम्ही आधीच कळवलंय, इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी.

आयबीएस हा सहसा तरुणपणी सुरू होणारा आजार आहे. पन्नाशी उलटल्यावर नव्याने पोट दुखायला लागलं तर ते आयबीएस आहे असं धरून चालायचं नसतं, आधी तपासायचं असतं, आणि प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर लवकर तपासायचं असतं. हेच शौचातून रक्त जाण्याचं, हिमोग्लोबिन कमी असण्याचं, रात्री झोपेतून उठवणाऱ्या जुलाबांचं, तापाचं, आणि घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल त्याचं. यातलं एक जरी असलं तर वय कितीही असो, दुखणं अंगावर काढू नका आणि कुठल्याही गोळीने झाकूही नका.

दुसरं असं की लहान डोस म्हणजे निरुपद्रवी डोस नाही. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी या गोळीने पार तुंबू शकते, हृदयाचे ठोके अनियमित असतील तर ते बिघडू शकतात, म्हणून वयस्कर माणसाला द्यायचीच झाली तर आधी ईसीजी काढतात. रात्री उठताना चक्कर येऊन पडणं ही तर म्हाताऱ्या माणसांची नेहमीची भीती. आणि तुमच्या घरात लहान मूल असेल तर स्ट्रिप कुलपात ठेवा हे कळकळीने सांगतो, हे औषध जास्त प्रमाणात पोटात गेलं तर जिवावर बेततं. घरात कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचं, म्हणजे ते थोड्या-थोड्याच गोळ्या लिहून देतील किंवा दुसरं औषध बघतील.

प्रश्न : या गोळीऐवजी दुसरं काही नाही का?

उत्तर : आहे. विरघळणारा फायबर, पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवड्यांचा लो फॉडमॅप आहार (म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ कमी करणं), पोटासाठीचं संमोहन, सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत). गोळी ही बहुतेक वेळा यातल्या साध्या गोष्टी करून झाल्यावर येते. आणि गोळी चालू असताना बाकीचं सोडायचं असतं असंही नाही.

प्रश्न : मी 31 वर्षांची आहे. आठ महिने झाले अमिट्रिप्टिलिन 20 एमजी घेतेय आणि खोटं कशाला सांगू, कित्येक वर्षांनी मी लांबचा प्रवास केला, वाटेत संडास कुठे आहे हे न बघता. पण आता भीती वाटते की सवय लागली असेल. आणि पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. कुणालाच सांगितलेलं नाही मी ही गोळी घेते ते, घरी ऍसिडिटीची म्हणून सांगितलंय.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्या प्रवासाच्या वाक्यासाठी. ज्यांना हा आजार नाही त्यांना त्या वाक्याचं वजन कळणार नाही.

सवय या अर्थाने नाही लागत की रोज जास्त-जास्त लागेल किंवा नाही मिळाली तर जीव कासावीस होईल. पण शरीर त्या औषधाला सरावलेलं असतं, त्यामुळे एका दिवसात बंद केलं तर मळमळ, झोप उडणं, चिडचिड, डोकं दुखणं असं होऊ शकतं, आणि मग माणसाला वाटतं बघा, व्यसनच होतं. म्हणून उतरत्या क्रमाने सोडायचं. आराम पडल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात, तुम्ही त्या टप्प्यात आहातच, तेव्हा डॉक्टरांशी बोलून 20 वरून 10 वर या, तीन-चार आठवडे तिथेच थांबा, वही ठेवली असेल तर आकडे बघा, मग बंद. मध्येच दुखणं परत वर आलं तर त्यात हार मानण्यासारखं काही नाही, परत आधीच्या डोसवर जाता येतं, काही लोक वर्षानुवर्षं घेतात.

बाळाचं मात्र आत्ताच बोला, दिवस राहिल्यावर नाही. गोळी बंद करायची की चालू ठेवायची हे तुमचा त्रास किती आहे आणि त्याशिवाय काय जमतं यावर ठरतं, आणि ते ठरवायला हातात सहा-आठ महिने असणं फार चांगलं. चुकून आधीच दिवस राहिले तर घाबरून एकदम बंद करू नका, फोन करून विचारा.

राहिलं लपवण्याचं. घरी कुणाला कधी सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी बोलणार नाही. पण दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी सर्दी-खोकल्यासाठी किंवा दातासाठी, तर तिथे ऍसिडिटीची गोळी म्हणून चालणार नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी आणि हिने मिळून गुंगी वाढते, ट्रॅमाडोलसारख्या दुखण्याच्या गोळीबरोबर झटके येण्याचा आणि सेरोटोनिन वाढण्याचा धोका असतो, मनाच्या इतर औषधांबरोबर तर बघूनच द्यावं लागतं. एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा : अमिट्रिप्टिलिन, 20 एमजी, रात्री, आयबीएसच्या दुखण्यासाठी. तोंडाने सांगायला जड जात असेल तर तो कागद पुढे करा, शेवटचे दोन शब्द वाचल्यावर समजणारा डॉक्टर पुढचं काही विचारणार नाही. आणि 10 वर आल्यावर पहिले चार आठवडे कसे गेले ते मला या पत्त्यावर नक्की लिहा.